तातडीने मदत हवी: बॅकअपचा ड्राइव्ह यूमाउंट होत नाही, सारखा बिझी

सातपूर_अकाउंट्स: आमच्याकडे रोज संध्याकाळी साहेब बॅकअपचा ड्राइव्ह घरी घेऊन जातात. आज तो निघतच नाहीये. यूमाउंटची (ड्राइव्ह सिस्टिमपासून सोडवायची) कमांड देते तर बिझी म्हणतो. सगळं बंद केलंय. साहेब गाडीची किल्ली घेऊन मागेच उभे आहेत. वायर ओढू का सरळ? लवकर सांगा कुणीतरी.

टर्मिनलकाका: ओढू नका. कोणती कमांड दिली, लिनक्स कोणतं, ड्राइव्ह कुठल्या फॉरमॅटचा आहे आणि एरर नेमकी काय आली ते जसंच्या तसं टाका. 'बिझी म्हणतो' एवढ्यावर काय सांगणार?

निफाडचा_बागायतदार: विंडोज घ्या, इजेक्ट दाबा, विषय संपला. मी तर तेही करत नाही. बागेचे फोटो असलेला पेनड्राइव्ह तसाच उपसतो.

अंबड_रूट: ताई, 'यूमाउंट -एल' द्या. लेझी अनमाउंट. एका क्षणात मोकळा होतो. आमच्या प्लँटला कायम हेच करतो आम्ही.

सातपूर_अकाउंट्स: उबुंटू 22.04, ड्राइव्ह ईएक्सटी4. 'सुडो यूमाउंट /एसआरव्ही/बॅकअप' दिलं की 'टार्गेट इज बिझी'. बस्स, एवढंच येतं. -एल देऊ का मग?

टर्मिनलकाका: नाही! -एल दिलं की नाव फक्त फोल्डरांच्या झाडावरून निघतं, फाइल सिस्टिम आत चालूच राहते. जो कोणी ती वापरतोय तो सुटेपर्यंत कर्नल (सिस्टिमचा गाभा) ती सोडत नाही. दुकानाची पाटी उतरवली म्हणून आतली गिऱ्हाइकं बाहेर पडत नाहीत. तुम्ही ड्राइव्ह पिशवीत घालून न्याल आणि इकडे कुणीतरी त्याच्यावर लिहीतच असेल. वर आणखी पंचाईत अशी, की पाटीच नाही म्हटल्यावर कोण बसलंय ते शोधणंही अवघड.

अंबड_रूट: काका, प्रत्येक धाग्यावर तुम्ही हेच घाबरवता. -एल च्या आधी सिंक मारा, मेमरीतला डेटा डिस्कवर गेला, मग काय राहिलं?

टर्मिनलकाका: सिंक त्या क्षणापर्यंतचं लिहून टाकतं. पुढच्या सेकंदाला कुणी लिहिलं तर ते परत मेमरीत. कर्नलच्या मूळ सेटिंगप्रमाणे 30 सेकंद जुना झालेला डेटा लिहायला निघतो, तोवर तुमचा ड्राइव्ह त्र्यंबक रोडवर.

निवृत्त_ऑपरेटर: आमच्या वेळी सिंक तीनदा टाइप करायचो, प्रत्येक वेळी एंटर. का ते कुणी विचारायचं नाही. दुसरं-तिसरं टाइप करेपर्यंत पहिल्याचं काम होऊन जायचं, हे खरं कारण. तेव्हाच्या डिस्कचा आवाज येत असे, आवाज थांबला की कळायचं. आता काय, दिवा लुकलुकतो तेवढाच.

सातपूर_अकाउंट्स: प्लीज मुद्द्यावर या. कोण वापरतंय ते कसं बघू? उघड्या फाइली दाखवणारं 'एलएसओएफ /एसआरव्ही/बॅकअप' दिलं, काहीच आलं नाही.

गोदाकाठी: सुडो (रूटचा, म्हणजे अ‍ॅडमिनचा हक्क) लावलं होतं का? त्याशिवाय दुसऱ्या यूजरच्या प्रोसेस नीट दिसत नाहीत, रिकामं आलं तरी त्यावर विश्वास ठेवू नका. 'सुडो एलएसओएफ' आणि 'सुडो फ्यूझर -व्हीएम' दोन्ही द्या, पुढे तोच पत्ता.

सातपूर_अकाउंट्स: सुडोने एक ओळ आली. कमांड बॅश, यूजर रूट, एफडीच्या रकान्यात सीडब्ल्यूडी.

गोदाकाठी: म्हणजे तुमचीच एखादी रूट म्हणून उघडलेली टर्मिनलची खिडकी त्या फोल्डरमध्ये उभी आहे. फाइल उघडी नसली तरी नुसतं तिथे असणंही पुरतं. तिथे 'सीडी' देऊन एंटर मारा, की होमला याल. मग यूमाउंट.

सातपूर_अकाउंट्स: तेही केलं. अजून बिझीच!! एलएसओएफ आता सुडोनेही रिकामं. फ्यूझरमध्ये एकच ओळ, यूजर रूट, पीआयडीच्या (प्रोसेसच्या नंबराच्या) जागी 'कर्नल', पुढे 'माउंट'.

अंबड_रूट: बघा, कर्नलनेच धरून ठेवलंय. यूमाउंट -एफ द्या. फोर्स.

टर्मिनलकाका: ती 'कर्नल माउंट'ची ओळ प्रत्येक माउंटला दिसते, त्यात काही नाही. आणि -एफ हे पलीकडचा एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर देणारा) सर्व्हर मेला असेल तेव्हासाठी. मॅन्युअलमध्येच लिहिलंय. यूएसबीच्या ईएक्सटी4 ला त्याचा उपयोग नाही.

निफाडचा_बागायतदार: सातपूरला नक्की कुठे? पपया नर्सरीच्या सिग्नलला आज प्रचंड गर्दी आहे. साहेबांना म्हणावं चहा घ्या, निघून उपयोग नाही.

गोदाकाठी: एलएसओएफ फक्त प्रोसेस बघतं. कर्नल स्वतः काही वापरत असेल तर ते त्यात येत नाही. तीन गोष्टी तपासा. त्या ड्राइव्हवर स्वॅप फाइल (मेमरी कमी पडली की वापरतात ती) आहे का ('स्वॅपऑन --शो'), तिथली एखादी इमेज फाइल लूपने (डिस्क असल्यासारखी) माउंट केलीय का ('लोसेटअप -ए'), आणि ते फोल्डर नेटवर्कवर कुणाला दिलंय का?

सातपूर_अकाउंट्स: पहिल्या दोन्हीत काही नाही. तिसरं म्हणजे खाली शॉपफ्लोअरवरच्या पीसीला व्हीएमसीचे (धातू कापणाऱ्या मशीनचे) प्रोग्रॅम इथूनच जातात. पण तो रोजच जोडलेला असतो, त्यात सांगण्यासारखं काय?

टर्मिनलकाका: हरे राम.

गोदाकाठी: कशाने जोडलाय? सांबा (विंडोजच्या पद्धतीचं शेअरिंग) की एनएफएस? सांबा असता तर त्याची प्रोसेस एसएमबीडी एलएसओएफमध्ये बहुतेक दिसलं असतं. 'सुडो एक्सपोर्टएफएस -व्ही' द्या, एनएफएसने काय दिलंय ते दिसेल.

सातपूर_अकाउंट्स: /एसआरव्ही/बॅकअप आलं, पुढे खालच्या पीसीचा आयपी. मग रोज कसा निघायचा?

गोदाकाठी: रोज यावेळी तो पीसी बंद झालेला असेल, किंवा त्या दिवशी त्याने इथलं काही मागितलंच नसेल. आज शॉपवर कोणी ओव्हरटाइमला आहे का?

सातपूर_अकाउंट्स: हो, सेकंड शिफ्ट चालू आहे आजपासून.

गोदाकाठी: मग मिळालं. एनएफएसचा सर्व्हर कर्नलच्या आतच चालतो, म्हणून कुठल्या यादीत नाव नाही. क्रम पाळा. आधी खालच्या माणसाला फोन करून त्याच्या पीसीवर शेअर यूमाउंट करायला सांगा. नाहीतर इकडून बंद केल्यावर त्याचा पीसी उत्तराची वाट बघत लटकेल, मग किल -9 नेही हलत नाही कधीकधी. मग इथे 'सुडो सिस्टिमसीटीएल स्टॉप एनएफएस-सर्व्हर', त्यानंतर साधं यूमाउंट, काहीही न जोडता. शेवटी 'यूडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी /डेव्ह/एसडीबी', म्हणजे डिस्क फिरायची थांबते. एसडीबी आहे का ते आधी 'एलएसबीएलके'ने बघा, दुसऱ्याच डिस्कला देऊ नका.

अंबड_रूट: आणि खालचा पीसी लटकलाच तर त्याच्यावर यूमाउंट -एफ. बघा काका, लागलं ना शेवटी.

टर्मिनलकाका: तिथे लागेल. तिथेच लागतं असं मीही म्हणत होतो.

सातपूर_अकाउंट्स: निघाला!! साहेब गेले. खालचा माणूस ओरडतोय, त्याला पुढच्या जॉबचा प्रोग्रॅम हवाय. एनएफएस परत चालू करू का?

गोदाकाठी: आत्ता नको. ड्राइव्ह नसताना चालू केलंत तर त्याला रिकामं फोल्डर दिसेल, आणि त्याने तिथे काही सेव्ह केलं तर ते तुमच्या मूळ डिस्कवर जाईल. सकाळी ड्राइव्ह लावला की ते त्याच्याखाली झाकलं जाईल, मग शोधत बसाल. /ईटीसी/एक्सपोर्ट्स या फाइलमध्ये त्या शेअरच्या ओळीच्या कंसात 'एमपी' हा पर्याय टाका, म्हणजे ड्राइव्ह माउंट असेल तरच शेअर होईल. आजचा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर द्या.

निवृत्त_ऑपरेटर: मुळात चालू प्रोग्रॅम आणि बॅकअप एकाच ड्राइव्हवर कशाला? तो घरी गेला की शॉप आंधळं. प्रोग्रॅम आतल्या डिस्कवर ठेवा, बाहेरच्यावर आरसिंकने नक्कल घ्या.

सातपूर_अकाउंट्स: ते साहेबांना सांगा. आतली डिस्क भरलीय, नवीन मागितली तर दिवाळीनंतर बघू म्हणाले.

निफाडचा_बागायतदार: पेनड्राइव्हचा विषय निघालाच आहे तर विचारतो. माझा लावला की दर वेळी 'स्कॅन अँड फिक्स' येतं. ते कशामुळे?

टर्मिनलकाका: वेगळा धागा काढा, भाऊ.