‘हलका पाऊस, उंच भागात हिमवृष्टी’: मनालीत बर्फ पडेल का?

प्रश्न: जानेवारीत मनालीला जायचंय. हवामान खात्याच्या अंदाजात ‘तुरळक ठिकाणी हलका पाऊस, उंच भागात हिमवृष्टी’ असं आहे. मग मनालीत पाऊस की बर्फ?

उत्तर (हिमरेषा): आधी शब्द नीट वाचा. ‘हलका’ म्हणजे २४ तासांत २.५ ते १५.५ मिमी. ‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे फार तर २५ टक्के हवामान केंद्रांवर. त्यामुळे मनाली कोरडीही राहू शकते.

पाऊस की बर्फ, हे शून्य अंशाची पातळी ठरवते, म्हणजे हवेचं तापमान ज्या उंचीवर शून्य अंश असतं ती उंची. बर्फ तिच्याखाली साधारण ३०० मीटरपर्यंत न वितळता टिकतो. मनाली सुमारे २,०५० मीटरवर आहे. पातळी २,८०० मीटरवर असेल तर गावात पाऊस आणि वरच्या सोलंग खोऱ्यात ओला, चिकट बर्फ. २,२०० वर आली की गावातही बर्फ. १ मिमी पाण्याचा ढोबळमानाने १ सेंमी बर्फ होतो.

उत्तर (घाटवाट): खरा धोका दुसऱ्या दिवशी. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारी, हिवाळ्यात पाऊस-बर्फ आणणारी हवामान प्रणाली) पुढे सरकला की आकाश निरभ्र होतं, रात्री पारा घसरतो आणि वितळलेल्या पाण्याचा काचेसारखा थर रस्त्यावर गोठतो. तो दिसतच नाही! ऊन रस्त्यावर येईपर्यंत निघू नका. उतारावर पहिला-दुसरा गिअर, ब्रेक दाबून धरायचा नाही. बर्फासाठीच्या साखळ्या इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लावा. मनालीच्या पुढचा अटल बोगदा उघडा आहे का, हे त्याच सकाळी विचारा.

हिमरेषा: हो, आणि अंदाज पाच दिवस आधी पाहून बुकिंग बदलू नका. विक्षोभाची वेळ सहज दिवसभर मागे-पुढे होते.