उन्हाळी विकास शिबिरातल्या खेळावरून नवोदितांची पारख करावी का?

निळीरेषा (धागाकर्ता)

एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या आइस हॉकी लीगचा ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने तरुण खेळाडू निवडणे) जूनच्या अखेरीस आटोपतो आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत बहुतेक संघ आपल्या नवोदितांना चार-पाच दिवसांच्या विकास शिबिरासाठी एकत्र आणतात. शिबिर संपायच्या आत चाहत्यांच्या क्रमवाऱ्या तयार होतात: अमुक चमकला, तमुक फिका पडला. या क्रमवाऱ्यांना काडीचीही किंमत देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

शिबिरातले सराव सामने पुष्कळदा तिघांविरुद्ध तिघे असे खेळवले जातात आणि त्यात अंगावर जाऊन अडवणे जवळजवळ नसतेच. साधारण ६१ मीटर लांब आणि २६ मीटर रुंद बर्फावर गोलरक्षक वगळता दहाऐवजी सहाच खेळाडू उरले, की ज्याच्या स्टिकला पक, म्हणजे खेळायची रबरी चकती, चिकटून राहते तो राजा ठरतो. कडेच्या भिंतीलगत पाठीवर बचावपटूचा भार झेलत पक बाहेर काढणारा खेळाडू मात्र तिथे दिसतच नाही, कारण त्याचे काम करण्याची वेळच येत नाही. एनएचएलने २०१५-१६च्या हंगामापासून नियमित सामन्यांच्या जादा वेळेत तिघांचा खेळ आणला, पण तो पाच मिनिटांपुरता. प्लेऑफमध्ये, म्हणजे स्टॅनले चषकासाठीच्या बाद फेऱ्यांत, जादा वेळही पाचाविरुद्ध पाच असाच खेळला जातो. ज्या प्रकाराला लीग स्वतः चषकाच्या लढतीत थारा देत नाही, त्यावरून अठरा वर्षांच्या मुलाचे भविष्य वर्तवणे मला हास्यास्पद वाटते.

हिमरेघ

आपला आक्षेप सराव सामन्यांपुरता खरा आहे, परंतु आपण सामन्यालाच शिबिर समजून बसला आहात. कोण सर्वांत चांगला खेळतो हे ठरवण्यासाठी हे शिबिर नसतेच. कोणत्या खेळाडूची कोणती उणीव दुरुस्त होण्यासारखी आहे हे पाहण्यासाठी ते असते, आणि त्यासाठी सकाळची स्केटिंगची सत्रे सामन्यापेक्षा कितीतरी अधिक बोलकी असतात.

मार्क स्टोन २०१० मध्ये १७८व्या क्रमांकावर निवडला गेला, आणि तो इतका मागे राहण्याचे कारण म्हणून नेहमी त्याच्या संथ स्केटिंगकडेच बोट दाखवले जाते. पुढे २०२३ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली व्हेगास संघाने स्टॅनले चषक जिंकला. ब्रेडन पॉइंट २०१४ मध्ये ७९वा. त्याच्याही वेगाविषयी शंका होती. टॅम्पा बे या त्याच्या संघाच्या स्केटिंग प्रशिक्षिका बार्बरा अंडरहिल, ज्या १९८४ मध्ये फिगर स्केटिंगच्या जोडी प्रकारात जगज्जेत्या होत्या, त्यांच्याबरोबर त्याने पावलांवर मेहनत घेतली, आणि २०२० व २०२१ या दोन्ही प्लेऑफमध्ये प्रत्येकी १४ गोल करून तो सर्वांच्या पुढे राहिला. गुडघा किती वाकतो, पहिल्या तीन ढकलींत किती वेग येतो, वळताना बुटाची आतली धार बर्फात रुतते की घसरते, या गोष्टी पाहायला पाचाविरुद्ध पाचांचा सामना लागत नाही.

गोलजाळी

गोलरक्षकांविषयी मात्र मी धागाकर्त्यांच्याच बाजूने आहे. शिबिरात त्यांच्यावर एकामागून एक मोकळे फटके येतात. समोर कोणी दृष्टी अडवून उभे नसते आणि उसळलेल्या पकवर झडप घालणारेही फारसे कोणी नसते. हेन्रिक लुंडक्विस्ट २००० मध्ये २०५वा निवडला गेला होता, आणि गोलरक्षकांच्या बाबतीत असे अंदाज वारंवार चुकतात. चार दिवसांत त्यांच्याविषयी काही ठरवूच नये.

निळीरेषा

@हिमरेघ, स्टोन आणि पॉइंट ही आपली उदाहरणे मला मान्य आहेत, पण ती माझ्याच पारड्यात पडतात असे वाटते. त्यांची सुधारणा काही वर्षांच्या मेहनतीने झाली. जुलैतल्या एका आठवड्यात ती कोणी पाहिली असेल असे मला वाटत नाही. शिवाय वयाचा प्रश्न आहेच. एकाच शिबिरात नुकताच निवडलेला अठरा वर्षांचा मुलगा असतो आणि कुणीही न निवडलेला, केवळ निमंत्रणावर आलेला एकवीस-बावीस वर्षांचा महाविद्यालयीन खेळाडूही असतो. दुसरा पहिल्याला ढकलून पक घेऊन जातो आणि आपण त्याला 'शिबिराचा शोध' म्हणतो! एका ड्राफ्टमधली मुलेसुद्धा समवयस्क नसतात. १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण होणारा त्या वर्षी पात्र ठरतो आणि १६ सप्टेंबरला जन्मलेला पुढच्या वर्षी, म्हणजे एकाच ड्राफ्टमधल्या दोन मुलांत जवळजवळ वर्षाचे अंतर पडू शकते. वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेले कॅनडाचे खेळाडू आपल्या ड्राफ्ट क्रमांकाच्या मानाने पुढे अधिक यशस्वी ठरतात, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले होते. व्यावसायिक निवडकर्तेच मोठ्या वयाला गुणवत्ता समजून फसत असतील, तर काचेबाहेरून पाहणाऱ्या आपल्यासारख्यांची काय कथा?

हिमरेघ

वयाचा मुद्दा बिनतोड आहे आणि तो मी मान्य करतो. क्रमवारी लिहिणाऱ्याने प्रत्येक नावापुढे जन्मतारीख लिहिलीच पाहिजे.

तरीही 'एका आठवड्यात काय दिसणार' हा आपला प्रश्न अपुरा आहे. बहुतेक नवोदित एकाच शिबिराला येऊन थांबत नाहीत, दोन-तीन उन्हाळे येतात. मी पहिल्या वर्षी कोणाचीही क्रमवारी लावत नाही. प्रत्येकाच्या दोनच गोष्टी टिपून ठेवतो: पक जवळ नसताना त्याचे डोळे कुठे असतात, आणि प्रशिक्षकाने एक चूक दाखवल्यावर तीच कवायत पुढच्या फेरीत तो कशी करतो. दुसऱ्या जुलैत तीच टिपणे समोर ठेवली की तुलना त्या मुलाची त्याच्याशीच होते. बावीस वर्षांच्या निमंत्रिताशी ती करावीच लागत नाही. तिघांच्या खेळात मोकळी जागा भरपूर असते म्हणूनच पक नसलेला खेळाडू त्या जागेचे काय करतो हे उलट अधिक स्वच्छ दिसते. जो नुसता उभा राहून पक मागतो, त्याला पाचांच्या गर्दीत लपता तरी येते, तिघांत नाही.

निळीरेषा

पक नसलेल्या खेळाडूकडे पाहावे, हे पटले. त्या टिपणांना मी पारख म्हणेन, क्रमवारी म्हणणार नाही, आणि माझा विरोध क्रमवारीलाच होता. पण कवायतीतल्या सुधारणेबाबत माझी शंका कायम आहे. दाखवलेली चूक लगेच सुधारणारा मुलगा आज्ञाधारक असतो, तो सामन्यात शहाणा असेलच असे नाही. सप्टेंबरात नवोदितांचे सामने पाचाविरुद्ध पाच आणि खऱ्या धडकांसह होतील, तेव्हा आपली या वर्षीची टिपणे इथेच मांडावीत. कोणत्या मुलांविषयी आपण काय लिहिले होते, ते मला त्या सामन्यांशेजारी ठेवून वाचायचे आहे.

हिमरेघ

मांडतो. गोलरक्षकांचे पान कोरेच असेल, @गोलजाळी यांच्या समाधानासाठी.