गुळवेल आणि एसजीपीटी
कुणीतरी म्हटलंय की फॅटी लिव्हरला (लिव्हरमध्ये चरबी साठते त्याला) गुळवेल बिनधास्त घ्या, झाडपाल्याचा साइड इफेक्ट नसतो. हे मला अजिबात पटत नाही, कारण आमच्या काकांचं झालेलं डोळ्यांनी पाहिलंय. सोनोग्राफीत ग्रेड १ म्हणजे सौम्य फॅटी लिव्हर निघालं, एसजीपीटी (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) ५८, म्हणजे घाबरण्यासारखं काहीच नाही. कुणीतरी सांगितलं म्हणून रोज सकाळी अनशापोटी गुळवेलीचा काढा सुरू केला, अंगणातल्या कडुनिंबावर चढलेल्या वेलाचाच, काकू बोटभर तुकडे ठेचून उकळायच्या. अडीच महिन्यांनी लघवी मोहरीच्या तेलासारखी पिवळी व्हायला लागली, डोळे पिवळे, अन्नाचा वास नको, आणि एसजीपीटी सहाशेच्या वर गेलेला! काविळीच्या व्हायरसच्या सगळ्या टेस्ट निगेटिव्ह आल्या तेव्हा डॉक्टरांनी काय काय घेता विचारलं, तोवर काढा हे "औषध" आहे असं घरात कुणाला वाटलंच नव्हतं. बंद केल्यावर नॉर्मलला यायला दोन महिने गेले.

२०२० मध्ये कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या ६ पेशंटमध्ये असंच लिव्हर सुजल्याचं नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने ते मान्य केलं नाही, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असू शकते असं त्यांचं म्हणणं होतं. असेलही, पण मग घरी वेल तोडणाऱ्याला तरी ते कसं कळणार? ऑटोइम्यून थायरॉइडसारखे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते असे त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हातच लावू नका, आणि घेतच असाल तर आधी एलएफटी (लिव्हरची रक्ततपासणी) करून ठेवा, म्हणजे नंतर तुलना करता येते.