अनुभव धागा: 'रेड डॉन' तुम्ही कुठे पाहिलात?

काल मुलाला १९८४चा, जॉन मिलियसचा 'रेड डॉन' दाखवला. अमेरिकेवर रशियन आणि क्यूबन सैन्य चाल करून येतं आणि शाळेतली पोरं डोंगरात टोळी करून लढतात, तोच. वर्गात मंगोलांचा इतिहास चाललाय, खिडकीबाहेर मैदानात पॅराशूट उतरतायत, मास्तर चौकशीला बाहेर जातात आणि थेट गोळी! मुलाचा घास हातातच राहिला. तुमच्या आठवणी लिहा. स्पॉयलर चालतील, सिनेमाने चाळिशी ओलांडलीय.

---

गणपतीत चाळीत व्हीसीआर भाड्याने आणला होता. रात्रभराच्या चार कॅसेट, त्यातली ही तिसरी. रशियन कोण, क्यूबन कोण, काही कळलं नाही. "वुल्व्हरिन्स!" ही आरोळी तेवढी कळली. दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर खराट्याच्या काडीची बंदूक आणि तीच आरोळी. ते त्या पोरांच्या शाळेच्या टीमचं नाव, हे कळायला बारावी उजाडली.

---

मला टोळीतल्या डॅरिलचा प्रसंग सोडत नाही. त्याचा बाप गावचा महापौर, शत्रूशी जुळवून घेतलेला. पोराला ट्रान्समीटर गिळायला लावून टोळीत परत पाठवतात. माग काढत सैनिक येतात. मग टोळीतली पोरं बर्फात दोघांना उभं करतात, पकडलेला रशियन आणि डॅरिल. टोळीचा म्होरक्या जेड रशियनाला मारतो, पण डॅरिलवर त्याचा हात चालत नाही. गोळी टोळीतलाच रॉबर्ट घालतो. हाच रॉबर्ट सुरुवातीला हरणाचं रक्त पिताना तोंड वाकडं करत होता. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पंधराची होते, रॉबर्ट मला हिरो वाटला होता. आता माझा मुलगा पंधराचा आहे. तो भाग मी पुढे ढकलते.

---

२०१२चा रिमेक होस्टेलवर पाहिला. शूटिंगच्या वेळी शत्रू चिनी होते. चीनचं मार्केट हातचं जाईल म्हणून नंतर झेंडे, चिन्हं कॉम्प्युटरवर बदलून त्यांना उत्तर कोरियन केलं! धंदा तो धंदा.

---

आम्ही नंदुरबारचे. शिरीषकुमारची गोष्ट ऐकत वाढलो: ९ सप्टेंबर १९४२, हातात तिरंगा, समोर पोलिसांच्या बंदुका. त्यामुळे सिनेमातल्या पोरांकडे एवढी शस्त्रं बघून पहिला विचार आला, यांचं बरंय.

---

२०२२मध्ये युक्रेनमधल्या जळक्या रशियन रणगाड्यांचे फोटो आले, त्यावर रंगाने 'वुल्व्हरिन्स' लिहिलेलं. चाळवाले काका, तुमची आरोळी बरीच लांब गेली की!

बाकी चौथी कॅसेट कुठली होती?

---

लागलीच नाही. लाइट गेली.