वर्गात टीव्ही की प्रोजेक्टर? ४५ हजारांत काय बसतं?

शेवटचा_बाक (धागाकर्ता)
आमच्या सोलापूरच्या शाळेच्या एका जुन्या बॅचने गेट-टुगेदरला ४५ हजार जमवून दिलेत. अट एकच, दहावीच्या वर्गात कॉम्प्युटरचा स्क्रीन सगळ्या पोरांना दिसला पाहिजे. वर्ग २० बाय २५ फूट, पोरं ६२. पश्चिमेला तीन खिडक्या आणि त्यातल्या एकीला झडपच नाही. शाळा दुपारची. लॅपटॉप जुना आहे, पण एचडीएमआय चालतं.

हेडसरांना प्रोजेक्टर हवाय. नवी पेठेतला दुकानदार ५५ इंची टीव्ही घ्या म्हणतो. माझा कल टीव्हीकडे आहे, कारण एकदा हात पोळलाय. चार वर्षांपूर्वी ऑनलाइन साडेसात हजारांचा छोटा प्रोजेक्टर मागवला होता. खोक्यावर ९००० लुमेन्स (उजेडाचं माप), फुल एचडी. वर्गात लावला तर भूमितीची आकृती ओल्या फडक्याने पुसलेल्या फळ्यासारखी दिसली. आता तो कपाटात खडूंच्या खोक्यांना टेकू देतो. मत द्या, पण आपल्या वर्गाचं माप सांगून द्या.

खिळा_हातोडी
सर, वीस वर्षं हीच कामं करतोय. त्या खोक्यावरचे लुमेन्स दिव्याचे असतात, भिंतीवर पडणाऱ्या उजेडाचे नाही. विचारायचं ते ‘एएनएसआय लुमेन्स’, म्हणजे पडद्यावर पोचणाऱ्या उजेडाचं ठरलेल्या पद्धतीने घेतलेलं माप. आणि ‘फुल एचडी सपोर्ट’ म्हणजे एवढंच, की सिग्नल आत घेतो. दाखवताना आपल्या ८०० बाय ४८० ठिपक्यांतच कोंबतो. नेटिव्ह रिझोल्यूशन, म्हणजे त्याचे स्वतःचे ठिपके किती, हे विचारलं की विकणारा गप्प होतो.

तुमच्या खोलीला टीव्हीच. प्रोजेक्टरला काळा रंग टाकताच येत नाही. काळं म्हणजे उजेड न टाकलेली भिंत, आणि ती भिंत दुपारी चार वाजता पिवळीधमक असणार.

शेंगाचटणी
साफ चूक. त्यांचा प्रोजेक्टर खोटा निघाला म्हणून सगळे प्रोजेक्टर खोटे कसे? चांगल्या कंपनीचा ३३०० एएनएसआय लुमेन्सचा मला ४० हजारांच्या आसपास कोट मिळालाय. १०० इंची चित्र म्हणजे सव्वादोन मीटर रुंद. ५५ इंची टीव्ही सव्वा मीटरसुद्धा भरत नाही. शेवटच्या बाकावरून तो भिंतीवरच्या कालनिर्णयाएवढा दिसेल.

आणि पश्चिमेच्या उन्हाचं काय घेऊन बसलात? मार्चपासून आपल्याकडे सकाळचीच शाळा असते. बाकीच्या महिन्यांना जाड पडदे लावा. कापडाच्या गावात राहून पडद्याला कापड मिळेना म्हणता?

काय_बे
पडदे लावून ६२ पोरं कोंबली आणि लाइट गेली, तर आत काय होईल ठाऊक आहे का ओ? भट्टी. पोरं बघत नाहीत, झोपूलालेत.

खिळा_हातोडी
लाइटचं निघालं म्हणून सांगतो. दिव्याचा प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थोडा वेळ फिरून दिवा गार करतो. मध्येच लाइट गेली की ते होत नाही आणि दिव्याचं आयुष्य घटतं. इन्व्हर्टरवर टाकला तर तो २५०-३०० वॅट ओढतो, टीव्ही त्याच्या निम्म्यात भागतो. शिवाय आपली धूळ. प्रोजेक्टरच्या पंख्याची जाळी महिन्याला झाडणार कोण? शिपाईमामा निवृत्त झाल्यापासून जागा भरलेली नाही, बहुतेक शाळांत हीच कथा.

शेंगाचटणी
दिव्याचा बाऊ फार होतो. रोज तीन तास, वर्षाला २०० दिवस म्हणजे ६०० तास. दिवा ४५०० तास धरला तरी साडेसात वर्षं. तोवर तुमच्या टीव्हीचा पॅनेल गेला तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, तेही सांगा की. आणि घरगुती टीव्हीच्या वॉरंटीत बऱ्याच कंपन्या ‘व्यावसायिक वापर वगळून’ असं बारीक अक्षरात घालतात. शाळेच्या नावाने बिल करण्याआधी विचारून घ्या.

निवृत्त_हेडमास्तर
माझं मत कुणाला आवडणार नाही. सोलापूर जिल्ह्यातल्याच परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं नाव झालं ते पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडमुळे, भिंतीएवढ्या पडद्यामुळे नाही. आधी दाखवणार काय ते ठरवा. आमच्या काळी एका खोलीत टीव्ही आला आणि वर्षभर त्यावर क्रिकेटच पाहिलं गेलं. पोरांनी नाही, स्टाफने.

लॅब_मॅडम
सर, प्रश्न ‘सगळ्यांना स्क्रीन दिसावा’ असा आहे. कॉम्प्युटर लॅब असेल तर टीव्ही नको आणि प्रोजेक्टरही नको. आमच्याकडे २० मशीन केबलने एका स्विचला जोडलेली आहेत. त्यांवर व्हेयॉन नावाचं सॉफ्टवेअर टाकलंय. ते फुकट आहे आणि विंडोज-लिनक्स दोन्हींवर चालतं. डेमो सुरू केला की माझा स्क्रीन प्रत्येक मॉनिटरवर येतो, पोरांचे माऊस लॉक. एक्सेलचा फॉर्म्युला दीड फुटावरून दिसतो. खर्च शून्य, एक रविवार सोडून.

पोराचा_बाप
मॅडम, ६२ पोरं २० मशीनवर म्हणजे एकेका स्क्रीनपुढे तीन डोकी. मधल्याला दिसतं, कडेच्या दोघांच्या कोपराची मारामारी होते. माझा मुलगा कडेचाच.

लॅब_मॅडम
मान्य. आम्ही तीन तुकड्या करतो. तेवढे तास वेळापत्रकात बसवणं जमतंच असं नाही.

खिळा_हातोडी
वाद कशाला, मापानेच बोलू. डोळ्यांच्या डॉक्टरकडच्या तक्त्यावर सहा मीटरवरून जी ओळ निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येते, तिचं अक्षर सुमारे ९ मिलिमीटरचं असतं. तुमचा शेवटचा बाक सात-सव्वासात मीटरवर असेल, म्हणजे तिथे साधारण ११ लागतील. ५५ इंची टीव्हीची उंची ६८ सेंटीमीटर. त्यावर एक्सेलचं नेहमीचं अक्षर भरतं ६ मिलिमीटर. झूम २०० टक्के केलं की १२-१३, ३०० केलं की १८-१९.

पैसे घालण्याआधी फुकटची परीक्षा घ्या. १२२ बाय ६८ सेंटीमीटरचा पुठ्ठा कापा, त्यावर ६, १३ आणि १९ मिलिमीटरची अक्षरं लिहा, फळ्यावर टेकवा. मग त्याच जागी आरसा धरा. बाकावरून आरशात खिडकी दिसली तर टीव्हीतही तीच दिसणार.

शेवटचा_बाक
केलं. स्टाफरूममधल्या फ्रिजचं खोकं कामी आलं. मुद्दाम जोडाक्षरं लिहिली: विद्युत, उद्ध्वस्त, पृथक्करण. शेवटच्या रांगेतून ६ ची ओळ एकालाही आली नाही. १३ ला गोंधळ, ‘विद्युत’चं ‘विद्वत’ झालं. १९ ला दोन पोरं सोडून सगळ्यांनी धडाधड वाचलं. त्या दोघांना तिसऱ्या बाकावर आणलं, तरी ‘ध’ला ‘घ’ म्हणत होते. दोघांच्या घरी चष्म्यासाठी चिठ्ठी दिली.

आरशात मात्र बिनझडपेची खिडकी अख्खी दिसली. म्हणजे डावीकडची निम्मी पोरं टीव्हीत आकाश बघणार.

काय_बे
मग एका मोठ्याच्या जागी ४३ चे दोन घ्या की. एक पुढं, एक बाजूच्या भिंतीला मधोमध, मागच्या पोरांसाठी. एका लॅपटॉपचं चित्र दोन्हींना देणारा स्प्लिटर हजाराच्या आत येतो.

खिळा_हातोडी
हे पटलं. लांबची केबल १२ मीटरची लागेल, स्वस्तातली घेऊ नका. दहा मीटरच्या पुढे साध्या एचडीएमआय केबलवर चित्र लुकलुकू शकतं. कोटही नवा मागा. सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवर जीएसटी २८ ऐवजी १८ टक्के आहे, प्रोजेक्टरवरही. दुकानदाराच्या वहीत जुना आकडा असू शकतो.

शेवटचा_बाक
नव्या कोटात दोन टीव्ही, स्प्लिटर आणि केबल मिळून ४६,२०० होतात. वरचे बाराशे मी घालतो. झडप सुतार बसवून देणार आहे, हार-नारळाच्या खर्चात दाखवायची ठरलंय. हेडसर अजून नाराज आहेत. दोन ठिकाणी नारळ कसा फोडायचा, असं विचारत होते.

शेंगाचटणी
घ्या, माझा विरोध नोंदवून घ्या. दोन्ही टीव्ही एकाच कंपनीचे असतील तर रिमोटही एकच चालणार. मधल्या बाकावरून एकाचा आवाज कमी करायला जाल, दुसऱ्याचाही कमी होईल. निदान वेगवेगळ्या कंपन्यांचे तरी आणा.