बायोप्सी टळणार म्हणे! पण कुणाची?

नवीपेठकर:
कालपासून गावातल्या ग्रुपांवर एकच पोस्ट फिरतेय: "प्रकाशाने कळणार स्तनाचा कॅन्सर, सुईची गरज संपली." सुई म्हणजे बायोप्सी, गाठीचा तुकडा काढून तपासणं. खाली हात जोडलेल्यांची रांग. अहो, अमेरिकेत सोनोग्राफीच्या प्रोबलाच अवरक्त प्रकाशाच्या तारा जोडतात. वाढत्या कॅन्सरला नव्या रक्तवाहिन्या फुटतात, म्हणून गाठीत हिमोग्लोबिन किती ते मोजायचं. सोनोग्राफीच्या जोडीला, तिच्याऐवजी नव्हे. फायदा मुख्यतः बायरॅड्स, म्हणजे गाठीचा संशय किती ते सांगणारी श्रेणी, त्यातल्या 4ए वाल्यांना. तिथं कॅन्सरची शक्यता 2 ते 10 टक्के, बहुतेक सुया साध्या गाठीतच जातात. 4सी, म्हणजे दाट संशय, आलेल्या बाईनं ही पोस्ट वाचून सुई टाळली तर पाप कुणाच्या माथी?

जुळे_सोलापूरवाला:
पोस्ट मीच टाकली, घ्या. अमेरिकेच्या एफडीएने जानेवारी 2021 मध्ये इमॅजिओ ह्या अशाच एका मशीनला मंजुरी दिलीय. लेझर पडला की रक्त किंचित तापून फुगतं, त्यातून निघणाऱ्या ध्वनिलहरी टिपायच्या. माझ्या बायकोला 4ए आलं होतं. रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. निघाला फायब्रोअडिनोमा, कॅन्सर नसलेली साधी गाठ. तेवढा घोर टळला असता तर तुमचं काय गेलं असतं?

विडीवालीची लेक:
तुमचा घोर खरा. माझ्या आईनं गाठ दोन वर्षं पदराआड ठेवली, का तर शेजारीण म्हणाली, "सुई लावली की पसरतं." सोलापूरच्या पूर्व भागात कुठल्याही गल्लीत विचारा, हेच ऐकाल. बार्शीच्या कॅन्सर हॉस्पिटलात नेली तेव्हा गाठ फुटून जखम झालेली. सुईच्या वाटेत कधी चार पेशी सरकतात, पण त्यानं बाई लवकर जाते असं कुणी दाखवलेलं नाही. आता त्या शेजारणीकडं तुमची पोस्ट आहे. मला दाखवायला आली होती!

थकलेला सोनोलॉजिस्ट:
मशीन येईल हो, ठेवणार कुठं? सोनोग्राफी म्हटली की पीसीपीएनडीटी, गर्भलिंग तपासणीबंदीचा कायदा, आलाच. छातीच बघायची असली तरी नोंदणी. खेड्यापाड्यात पोर्टेबल घेऊन फिरायची सोय नाही. एक रकाना कोरा राहिला की डॉक्टर आरोपीच्या पिंजऱ्यात.

मंगळवेढेकर:
आली का रड! 2011 च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. कायदा उगाच आला का? 2012 चं परळी विसरलात, मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपातात बाई गेली ते?

थकलेला सोनोलॉजिस्ट:
परळीची शिक्षा मी का भोगू?

मंगळवेढेकर:
रात्री गाडीत मशीन घालून फिरणारे कोण होते मग, शिंपी?

थकलेला सोनोलॉजिस्ट:
तोंड सांभाळून. मी कधी कुणाला लिंग सांगितलेलं नाही. खेड्यातल्या बाईची गाठ तिच्या दारात तपासता येत नाही, ह्यात मुली कशा वाचतात ते सांगा.

मंगळवेढेकर:
आणि एकदा दारात मशीन गेलं की ते छातीवरच थांबेल ह्याची हमी तुम्ही देणार? लिहून द्या स्टॅम्प पेपरवर.

काय_बे:
विषय छातीचा, भांडण पोटाचं. चालू द्या बे.

नवीपेठकर:
मूळ मुद्द्यावर येतो. कातडीला रंग देणारं मेलेनिन प्रकाश शोषतं. कोरोनात बोटाला लावायचा ऑक्सिमीटर सावळ्या कातडीवर ऑक्सिजन जास्त दाखवतो हे उघड झालं, तोही प्रकाशावरच चालतो. आपल्या बायकांवर नीट तपासल्याशिवाय मी तरी त्या आकड्यावर सुई रद्द करणार नाही. आणि मुंबईत टाटा हॉस्पिटलने 1998 पासून दीड लाख बायकांवर अभ्यास केला. निम्म्या जणींची प्रशिक्षित कार्यकर्त्या नुसत्या हातानं तपासणी करायच्या. पन्नाशीपुढच्यांत स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्के कमी झाले. त्याची पोस्ट कुणी फिरवली?

जुळे_सोलापूरवाला:
बरं बाबा. "गरज संपली" काढतो, "काही जणींची सुई टळू शकते" घालतो. आता ती कुणी पुढं पाठवणार नाही, तेवढं समाधान तुम्हाला लखलाभ.

विडीवालीची लेक:
आमच्या गल्लीत मात्र जुनीच फिरतेय. दुरुस्ती तिथं स्वतः येऊन वाचून दाखवा.

थकलेला सोनोलॉजिस्ट:
माझ्या प्रश्नाला अजून उत्तर नाही, मंगळवेढेकर.