मदत हवी आहे: घटस्फोटानंतर स्वतःच्या फ्लॅटमध्ये चवथ (गणेशचतुर्थी) सुरू करायची आहे

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या फोंड्याची, वय ४७. घटस्फोटाला पाच-सहा वर्षं झाली. मुलगी पुण्यात शिकते, मी एका खाजगी ऑफिसात हिशेब बघते. नवऱ्याबद्दल काही लिहायचं नाही, त्यामुळे 'काय झालं होतं' हे कृपया विचारू नका.

पहिली वर्षं कोर्ट, बँक आणि लेकीची दहावी-बारावी यांत गेली. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे कुटुंब कायदा १८६७च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला आहे. लग्न नोंदताना वेगळा करार केला नसेल तर मालमत्ता दोघांची समाईक धरतात आणि वेगळं होताना अर्धी-अर्धी होते. वेळ लागला, पण माझा वाटा मिळाला आणि त्यातून दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. पगार पुरतो. म्हणजे अडचण अशी काही नाही. आणि आता अडचण नाही म्हटल्यावर पुढे काय, हेच कळेनासं झालंय. मैत्रिणी म्हणतात योगा कर, सहलीला जा. आत्या म्हणते दुसरं लग्न कर, आणि पाठोपाठ म्हणते, "पण या वयात कशाला!" काय ते एकदा ठरव बाई.

मला काय हवंय ते मला गेल्या चवथीला भावाकडे कळलं. सत्तरी तालुक्यातल्या सासरच्या मूळ घरात चवथ मी लग्न झाल्यापासून केली. पाच दिवस, सगळे चुलते-पुतणे एकत्र. आदल्या रात्री माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळा-पानांची चौकट, बांधायची, त्यासाठी कांगलां, करमलां, सुपारीची शिपटां, तोरिंजन जमवायचं, मागच्या वर्षी काय राहिलं होतं ते आठवायचं. नेवऱ्या, पातोळ्या, खतखतें. हे करताना मी कुरकुरायचेच, कंबर मोडायची. पण घरात काय कुठे आहे हे मला माहीत असायचं. आता भावाकडे वहिनी प्रेमाने म्हणते, "तुम्ही बसा हो वन्सं, मी करते." बसते. पाहुणीसारखं ताट येतं. वहिनीचं काही चुकत नाही. पण मला बसायचं नाहीये!

तर यंदा माझ्या फ्लॅटमध्ये दीड दिवसाचा गणपती आणायचा विचार आहे. आई म्हणाली, "कोण येतलो गो तुज्या गणपतीक?" आईकडून दर चवथीला सासरी वजें, म्हणजे माहेरची भेट, यायचं, ते घटस्फोटानंतर थांबलं. मला वाटतं तिला त्याचंच जास्त लागलंय.

मूर्ती सांगायला चित्रशाळेत, म्हणजे मूर्तिकाराकडे, पाट द्यायचा तर आताच ठरवावं लागेल, म्हणून घाईने विचारते. बाईने एकटीने प्राणप्रतिष्ठा केली तर चालतं का? भट मिळेल का? कोणी घटस्फोटानंतर असं सुरू केलंय का, आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीही ते टिकलं का? शिवाय लहानपणापासून मला घुमट (मातीच्या मडक्याला चामडं लावलेलं आमच्याकडचं वाद्य) वाजवायचं आहे. माहेरी मुलगे वाजवायचे, आम्ही फुगड्या घालायच्या. या वयात जमेल का?

*

प्रतिसाद (म्हापसा)

ताई, आधी पाट द्या, बाकी नंतर बघू. चिकणमातीची मूर्ती, वीतभर उंचीची, एकटीला उचलता येईल अशी. पूजा स्वतः करा. आमच्या ओळखीच्या एक काकू विधवा आहेत, गेली कित्येक वर्षं स्वतःच गणपती पुजतात. भटाला मात्र आधी सगळं सांगून ठेवा. ऐन वेळी दारात उभा राहून 'यजमान कोण?' म्हणाला की दिवस नासतो. चवथीला त्यांची घाई किती असते ते तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा सकाळी दहाचीच वेळ मिळेल असं धरू नका.

माटोळी लहान बांधा. फ्लॅटच्या छताला कड्या नसतात, म्हणून दोन स्टुलांवर बांबू टेकवून आम्ही चौकट करतो. बाजारात सगळं विकत मिळतं, पण आदल्या दिवशी भाव डोळे पांढरे करतात.

*

प्रतिसाद (कोल्हापूर)

माझाही घटस्फोट झालाय. मी पुरुष आहे, त्यामुळे 'यजमान कोण' हा प्रश्न मला कुणी विचारला नाही, हे मान्य. पण दुसऱ्या वर्षाबद्दल सांगतो. पहिल्या वर्षी उत्साहात पाच दिवस केले, सगळे भेटायला आले. दुसऱ्या वर्षी कोणी आलं नाही आणि आरतीला मी एकटाच. मला ते सोसलं नाही, मी बंद केलं. तुम्हाला चवथ हवी आहे की मूळ घरातली गर्दी? गर्दी हवी असेल तर ती फ्लॅटमध्ये येणार नाही. स्पष्ट बोललो, राग नसावा.

*

धागालेखिका

राग कसला, हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. दोन दिवस विचार केला. गर्दी नकोय. खरं तर तिथल्या निम्म्या लोकांची मला आठवणही येत नाही. मला 'यंदा असं करू या' म्हणायचं आहे आणि ते करायचं आहे, मग बघायला दोघं असोत की वीस. आरतीला एकटी असण्याची मात्र धास्ती आहे, ती खोटी कशाला सांगू?

*

प्रतिसाद (मडगाव)

आरतीचा प्रश्न घुमटाने सुटेल. गंमत नाही. आता बायकांची घुमट आरती पथकं बरीच झाली आहेत आणि चवथीत ती घरोघर फिरतात. तुमच्या भागातलं पथक शोधा आणि शिकायलाही तिथेच जा. २०१९ साली सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य जाहीर केलं, त्यानंतर शिकवणारेही वाढलेत.

वयाचं म्हणाल तर माझी आई साठीत शिकली. उजव्या हाताने चामड्यावर ठेका धरायचा आणि डाव्या हाताने मागचं लहान तोंड उघड-बंद करायचं, त्यातून तो घुमणारा आवाज निघतो. पहिले काही आठवडे दोन्ही हात एकमेकांचं ऐकत नाहीत. मग ऐकायला लागतात. घुमट शेळीच्या चामड्याचंच घ्या. पूर्वी घोरपडीचं असायचं, पण घोरपड संरक्षित प्राणी आहे आणि तसं घुमट बाळगणं गुन्हा आहे. कोणी 'जुना आवाज' म्हणून गळ्यात मारायला आला तर हात जोडा. पावसात चामडं सैल पडतं, म्हणून वाजवायच्या आधी जरा शेकून घ्या.

*

प्रतिसाद (ठाणे)

पण मुलीच्या लग्नाच्या वेळी लोक बोलणार नाहीत का, आई वेगळी राहून वेगळा गणपती करते म्हणून?

*

धागालेखिका

लोक सहा वर्षं बोलतायत, आता विषयांतर तरी होईल. लेकीला विचारलं. ती म्हणाली सुट्टी मिळाली तर येते आणि मोदक नको, पातोळ्या कर. हळदीची पानं शेजारच्या काकींच्या परसातली मिळतील.

काल पाट देऊन आले. मूर्तिकाराने वहीत नाव लिहिताना विचारलं, "कुणाच्या नावावर?" मी माझं सांगितलं, त्याने लिहून घेतलं आणि उंची विचारली. बस्स, एवढंच. भटाशीही बोलणं झालं. दुपारी दोनची वेळ मिळाली आहे, म्हणजे तोपर्यंत उपाशी.

मडगावच्या ताई, फोंड्यात किंवा कुर्टी-खांडेपारकडे संध्याकाळी सहानंतर सराव करणारं बायकांचं पथक कुणाला ठाऊक असेल तर सांगा. ऑफिस साडेपाचला सुटतं. आणि विसर्जन मी घरी टबात करू की खांडेपार नदीवर नेऊ? दीड दिवसाच्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा असते का?